पार्किंगमधला आरसा आणि ‘आयत्या वेळचे विषय’

आरसा बसवायला मिस्त्रीला अर्धा तासही लागला नाही. त्याची परवानगी मिळवताना मात्र मी मेटाकुटीला आले.

आमची पुण्यातली जुनी सोसायटी. बी विंगचा जिना थेट पार्किंगमध्ये उतरतो, तोही गाड्यांच्या मागच्या बाजूला. सकाळी ज्या वेळी पोरं शाळेसाठी पळत खाली येतात, त्याच वेळी सगळ्या गाड्या रिव्हर्स निघतात. मागण्या साध्या होत्या: खांबावर बहिर्गोल आरसा, गाडी लावतानाच उलटी लावायची म्हणजे सकाळी सरळ बाहेर काढता येते, आणि स्कूल व्हॅन गेटबाहेरच थांबवायची.

कमिटीचा पहिला प्रश्न: “आजवर काही झालंय का?” व्हायची वाट बघायची का, हे तोंडावर आलेलं गिळलं. मग तीन कोटेशन आणा. आणली. मग हा खर्च रिपेअर फंडातून की इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेल्या सिंकिंग फंडातून, यावर खल. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, पार्किंगचा नियम म्हणजे वार्षिक सभेचा विषय. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, ती निघून गेलेली. म्हणजे आमचा नंबर ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये, आणि तोवर निम्मी मंडळी बटाटेवड्यांपाशी. उरलेल्यांपैकी एक काका म्हणाले, “गाड्यांना सेन्सर असतात हो.” अहो, मागे काही आलं की वाजणारे हे सेन्सर नव्या गाड्यांना सक्तीचे झाले १ जुलै २०१९पासून, आपल्याकडच्या निम्म्या गाड्या त्याआधीच्या. आणि ज्यांना आहेत ते खांब, स्कूटर, कुंडी, सगळ्यालाच बोंबलतात, म्हणून लोक तिकडे लक्षच देत नाहीत. विषय पुढे ढकलला.

काम झालं ते क्रिकेटच्या स्टंपमुळे. पोरांकडून स्टँडसकट एक मागून आणला. उंची २८ इंच; वर्षाचं मूल उभं राहिलं की जेमतेम तेवढंच भरतं. अध्यक्षांना त्यांच्याच कॅमेरा नसलेल्या एसयूव्हीत बसवलं आणि स्टंप मागच्या बंपरपाशी ठेवला. दिसतोय? नाही. दोन पावलं मागे. नाही. सरकवत सरकवत जवळजवळ जिन्यापर्यंत नेला, तेव्हा कुठे मागच्या काचेतून त्याचं टोक दिसलं. अध्यक्ष खाली उतरले ते सेक्रेटरींना फोन लावतच. खरं सांगते, फार बरं वाटलं. तुम्हीही अर्जाआधी हेच करा. माझी कोटेशनं कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आरशासाठी भोक पाडण्याआधी एकाला गाडीत बसवून कोन तपासा. अर्जाची पोच घ्या, नाहीतर “अर्ज आलाच नाही” ऐकावं लागतं. स्कूल बसवर मदतनीस असलाच पाहिजे, हे महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांतच आहे. गाडी मागे घेताना त्याने खाली उतरून मागे उभं राहावं, हे आम्ही शाळेकडून कबूल करून घेतलं. आणि निघताना बाळ कुणाच्या हातात आहे, हे मोठ्याने विचारायचं. ‘आजीकडे असेल’ हे चालणार नाही.

गाड्या उलट्या लावायचा नियम मात्र ‘विनंती’ म्हणूनच बोर्डावर लागला. आरशाचे पैसे मीच भरले होते. ते पुढच्या मीटिंगमध्ये बघू म्हणालेत.