नवरात्रीच्या ऑर्डरचे मळकट मणी

नवरात्र जवळ आली की बडोद्यात काचेच्या मण्यांना मागणी येते. चणियाचोळीवर ऑक्सिडाइज्ड दागिने घालतात आणि त्यात ओवायला चांदीची झाक असलेले मणी लागतात. अशाच एका ऑर्डरचे मणी डब्यात घालून दांडिया बाजारातली स्नेहल सकाळीच माझ्या कार्यशाळेत आली. निळसर आरशासारखी झाक यायला हवी होती तिथे करडा-तपकिरी थर बसला होता.

"ताई, या वेळची काच भेसळीची आलीय. सगळा लॉट परत करू का?"

मी एकेक मणी भिंगाखाली धरला. चांदीच्या काचेचा पट्टा मळकट होताच, पण त्याच्या शेजारी दिलेले फिरोजी ठिपकेही कडेने काळपट लाल पडले होते. तपासाची दिशा तिथेच ठरली. अपारदर्शक फिरोजी काचेचा रंग तांब्याचा, या दुसऱ्या काचेत चांदी. मणी करायच्या काचेच्या कांड्या वेगळ्या, लॉट वेगळे, आणि तरी दोन्ही एकाच रीतीने बिघडलेल्या. लॉट वाईट असता तर एकच काच बिघडली असती. दोन धातू एकदम काळवंडतात ते ज्योतीत ऑक्सिजन कमी पडल्यावर.

खात्रीसाठी तिचीच कांडी माझ्या टॉर्चवर, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या बर्नरवर, घेतली. मणी नंतर सळईवरून सुटावा म्हणून 2.4 मिमीच्या स्टीलच्या सळईला लेप देऊन वाळवलेला होता. त्यावर आधी काळ्या काचेचा गाभा गुंडाळला, ग्राफाइटच्या पाटीवर लाटून गोल केला आणि वर चांदीच्या काचेचा जेमतेम मिलिमीटरभर थर दिला. इथपर्यंतचं सगळं काम ऑक्सिजन किंचित जास्त असलेल्या ज्योतीत करायचं. थर नितळ बसला की मणी ज्योतीबाहेर काढून त्याची लाली पूर्ण विझेपर्यंत फिरवत राहायचं. घाई करणाऱ्यांचं काम इथेच फसतं. लाल असताना रिडक्शन, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीचा शेक, दिलं तर झाक बसत नाही, चिखल होतो. लाली विझल्यावर ऑक्सिजनची चावी हळूहळू कमी करायची. टॉर्चच्या तोंडाशी असलेले निळे सुळके लांबतात, टोकाला पिवळट शेपूट येतं. त्या शेपटात, टॉर्चपासून बरंच लांब, मणी 3 ते 5 सेकंद फिरवायचा आणि बाहेर काढून बघायचा. कमी वाटलं तर पुन्हा तेवढंच द्यायचं. एकदम 10-15 सेकंद धरला तर आरसा जाऊन करडी साय येते.

झाक स्वच्छ आली. काच चांगली होती.

होतं असं, की चांदी कांडीत विरघळलेल्या रूपात असते, धातूच्या रूपात नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन शिल्लक राहतात. ते काचेच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन ओढून घेतात आणि चांदी धातू होऊन वर येते. थर अगदी पातळ हवा, आणि तोही शेवटी यायला हवा. काम सुरू असतानाच आला तर आकार देताना तो काचेत मिसळत जातो, त्यावर दुसरा चढतो, आणि शेवटी हातात येतो तो हाच मळकटपणा. (त्या शेपटातला कार्बन मोनॉक्साइड आपल्याही नाकात जातो. एक्झॉस्ट पंखा सुरू केल्याशिवाय हे काम करू नये.)

दुपारी तिच्या घरी गेले. गॅसचा सिलिंडर आधी पाहिला, कारण एलपीजीत प्रोपेन आधी उडतो आणि तळाशी ब्यूटेन जास्त उरतो. प्रोपेनच्या एका भागाला जळायला 5 भाग ऑक्सिजन लागतो, ब्यूटेनला साडेसहा. त्यामुळे सिलिंडर संपत आला की चाव्या न हलवताही ज्योत ऑक्सिजनला भुकेली होते. पण सिलिंडर नुकताच बदललेला होता.

राहिला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून टॉर्चला देणारं यंत्र. जुना, मिनिटाला 5 लिटरचा, टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. ओढून फिरवला तर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागलेला. मागचा फोमचा फिल्टर पांढऱ्या धुळीने गच्च. ती मण्यांच्या भोकातला लेप त्याच टेबलावर कोरडाच कानशीने खरवडत होती. ही धूळ फुप्फुसालाही वाईट, लेप नेहमी पाण्याखालीच काढावा. शेजारी कूलर, आणि बाहेर भाद्रपदातली दमट हवा. या यंत्रातले झिओलाइटचे दाणे, म्हणजे सच्छिद्र खनिज. तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे सोडतो. ओल त्याला मारक, आणि फिल्टर तुंबला तर त्याला पुरेशी हवाच मिळत नाही. धडधाकट यंत्र 93 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं. मी नेलेल्या मीटरवर 5 लिटरला 79 आकडा आला.

"पण ज्योत तर निळीच दिसत होती की, ताई!"

दिसणारच. डिडिमियमचा चष्मा सोडियमचा पिवळा उजेड खातो, म्हणून तर तापलेली काच नीट दिसते, पण त्यातून ज्योतीचं पिवळं टोकही फिकं पडतं. काच ज्योतीत नसताना, मागे काळा पुठ्ठा धरून, चष्मा वर करून ज्योत एकदा बघावी. त्याहून पक्की खूण फिरोजी कांडीची. कामाला बसताना तिचं टोक नेहमीच्या ज्योतीत वितळवायचं. फिरोजीच राहिलं तर ज्योत ठीक, लालसर धातूची कातडी धरली तर ऑक्सिजन अपुरा आहे. पहिला मणी घेण्याआधी हे मी रोज करते.

फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवला, यंत्र कूलरपासून दूर खिडकीशी आणलं आणि अर्धा तास नुसतं चालवलं. आकडा 87 वर आला, पुढे हलेना. झिओलाइट थोडा गेलेलाच होता. पण प्रवाह 3 लिटरवर आणला की 91 मिळत होता, कारण प्रवाह कमी केला की शुद्धता वाढते. म्हणून गॅसही त्याच प्रमाणात उतरवला, ज्योत बारीक ठेवली आणि मणी 10 मिमीच्या आतले घ्यायला सांगितले. झिओलाइट बदलेपर्यंत काम असंच चालवायचं ठरलं.

ऑर्डरमध्ये तांब्याच्या चमचमत्या गोल्डस्टोन काचेचेही थोडे मणी होते. त्याची रीत उलटी. त्याच्यात तांब्याचे स्फटिक आधीच तयार असतात, ज्योतीने आणायचं काही नसतं, टिकवायचं असतं. फार तापला की स्फटिक विरतात आणि हिरवट-तपकिरी गाळ उरतो. म्हणून त्याची कांडी आधी पारदर्शक काचेत मढवून बारीक ओढून घ्यायची आणि ज्योतीच्या लांबच्या भागात सावकाश लावायची.

बिघडलेल्या मण्यांचं काय, हे तिने शेवटी विचारलं. मणी अजून सळईवर असते आणि वर पारदर्शक काच नसती, तर ऑक्सिजन वाढवून वरचा थर जाळता आला असता आणि पुन्हा झाक देता आली असती. हे मणी सळईवरून उतरलेले, आणि करडा थर काचेच्या आतपर्यंत मिसळलेला. ते ऑर्डरमधून काढले. नवे मणी संध्याकाळी सावकाश थंड व्हायला तिच्या भट्टीत गेले: 510 अंशांवर तासभर, मग ताशी 50 अंशांनी 400 पर्यंत, पुढे भट्टी बंद करून सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही.