संग्रह स्वीकारला, आता पुढे?

'साभार परत' पचवायला नवा कथाकार हळूहळू शिकतो. खरी दमछाक होते ती प्रकाशकाचा होकार आल्यावर, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

होकारापर्यंतची वाट थोडक्यात. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला दिवाळी अंकांचा मोठा आधार आहे. कथा मे-जूनमध्येच पाठवावी. ऑगस्टपर्यंत बहुतेक पानं ठरून गेलेली असतात. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नये. दोघांनीही छापली तर दोन्ही संपादक दुखावतात आणि ते लक्षातही ठेवतात.

संग्रहापुरत्या दहा-बारा कथा, चाळीसेक हजार शब्द झाले की डेमी या कथासंग्रहांच्या नेहमीच्या आकारात साधारण १४४ ते १६० पानं होतात. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत चालते, म्हणून १६२ पानं भरली की दोन पानं कमी करायला सांगतात. तो कथेवरचा शेरा समजू नये.

आता करार. होकाराच्या आनंदात न वाचता सही करणारे पुष्कळ आहेत, आणि याचं फार वाईट वाटतं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा तरी वाचावं. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तो आपोआप संपतो. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की थांबावं. अनुवाद, ऑडिओ, ई-बुक, चित्रपट हे हक्क वेगवेगळे नोंदवून घ्यावेत.

मानधन कशावर मोजणार, हेही तिथेच पाहावं. २५० रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के म्हणजे छापील किमतीवर २५ रुपये. पण 'निव्वळ विक्रीवर' असं लिहिलं असेल आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली, तर उरतात १५. पाचशे प्रती खपल्या तर फरक पाच हजारांचा.

प्रकाशक पैसे मागत असेल तर किती प्रती छापणार आणि त्या कुणाच्या मालकीच्या, हे लेखी घ्यावं. 'आयएसबीएनचा', म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा, 'खर्च' म्हणून काही मागितलं तर देऊ नये. भारतात तो क्रमांक विनामूल्य मिळतो. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहावी.

मग येतात प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेली पानं. बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पानं लावतात. आपली युनिकोड फाइल त्यात उतरवताना सगळ्यात आधी बिघडतो तो अर्धा र. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होतं. दोन्ही शब्द मराठीतलेच, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं आणि डोंगर उतरणारा माणूस थेट समुद्रात पोचतो. 'ॲ' आणि संवादांची अवतरणचिन्हंही तपासावीत. पहिलं प्रूफ कागदावर, मोठ्याने वाचावं. दुसऱ्या प्रुफात नवं वाक्य घालण्याचा मोह टाळावा. एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते. तिथे फक्त एवढंच पाहावं: आधी दाखवलेली प्रत्येक दुरुस्ती झाली का, आणि ती करताना शेजारचा शब्द तर बिघडला नाही ना.

पुस्तक आल्यावर बरेच महिने सामसूम असते. ग्रंथालयांची खरेदी अनुदान हाती आल्यावर होते, परीक्षणं रेंगाळतात. यावरून कथांची किंमत ठरवू नये. आर्थिक वर्ष संपलं की एप्रिल-मेमध्ये प्रकाशकाकडे चार आकडे लेखी मागावेत: छापलेल्या प्रती, विकलेल्या, भेट वा परीक्षणासाठी दिलेल्या आणि शिल्लक. प्रती संपून सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क परत, असं कलम करारात घालून घेतलं असेल, तर या चौथ्या आकड्यावर पुढचं पत्र लिहिता येतं.