मिनिटकाटा न हलवता: सेंट जॉन्समधले चार दिवस

कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाची राजधानी सेंट जॉन्स. तिथे उतरल्यावर घड्याळाचा मिनिटकाटा हलवावाच लागला नाही. न्यूफाउंडलंडची वेळ शेजारच्या प्रांतांपेक्षा अर्धा तास पुढे, त्यामुळे उन्हाळ्यात भारताशी फरक बरोबर आठ तासांचा. अर्ध्या तासाचा हट्ट जपणारा हा मुलूख १९४९ पर्यंत कॅनडात नव्हताच, ब्रिटनच्या छत्राखाली वेगळा होता!

दुसऱ्या दिवशी मिलिटरी रोडवरची कलोनियल बिल्डिंग पाहिली. समोर सहा उंच खांब, दगड पांढरा चुनखडी, तोही आयर्लंडमधल्या कॉर्कहून जहाजाने आणलेला. १८५० पासून विधिमंडळ इथे भरायचं. इथे सत्ताधारी, ब्रिटिश रीतीप्रमाणे उजवीकडे नव्हे, तर सभापतींच्या डावीकडे बसत, कारण म्हणे शेकोटी त्या बाजूला होती. विधिमंडळ नव्या इमारतीत गेलं तरी सरकार अजून डावीकडेच बसतं. थंडीपुढे संसदीय परंपरा ती काय!

पण मी रेंगाळलो ते १९३२ च्या गोष्टीपाशी. मासळीचे भाव कोसळलेले, डोक्यावर रेल्वेचं आणि पहिल्या महायुद्धाचं कर्ज, त्यात पंतप्रधान रिचर्ड स्क्वायर्स यांच्यावर पैसे खाल्ल्याचे आरोप. ५ एप्रिलला हजारोंचा जमाव इथे चालून आला, खिडक्या फुटल्या, स्क्वायर्सना कसाबसा पळ काढावा लागला. पुढच्याच वर्षी इथल्या विधिमंडळाने स्वतःच स्वराज्य स्थगित करायला संमती दिली. १६ फेब्रुवारी १९३४ पासून गव्हर्नर आणि सहा आयुक्त कारभार पाहू लागले, तिघे ब्रिटनचे, तिघे इथले. लोकांनी निवडलेलं सरकार त्यानंतर पंधरा वर्षं नव्हतं. त्या रिकाम्या सभागृहात उभं राहून हे वाचताना मला जरा गुदमरल्यासारखं झालं.

पुढे काय करायचं यावर १९४८ मध्ये सार्वमत झालं, तेही दोनदा. पहिल्या फेरीत जुनं स्वराज्य ४४.६ टक्के मतांसह पुढे होतं, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती. दुसऱ्या फेरीत कॅनडात सामील होण्याचा पर्याय ५२.३ टक्के मतांनी जिंकला. रेडिओवरून घरोघरी पोचलेले, विलीनीकरणाच्या बाजूचे पुढारी जोई स्मॉलवूड यांनी किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांना मुलांमागे मिळणारा कॅनडाचा मासिक भत्ता समजावून सांगितला होता. ज्यांच्या हाती रोकड क्वचितच यायची, त्यांना हा हिशेब लगेच पटला. राजधानी मात्र विरोधात गेली. ३१ मार्च १९४९ ला मध्यरात्रीच्या जरा आधी विलीनीकरण झालं. एप्रिल फूल नको, म्हणून ही घाई, असं सांगतात. शहरात काही घरांवर काळी कापडं लागली होती.

शेवटचा दिवस १ जुलै, कॅनडा डे, म्हणजे कॅनडाचा राष्ट्रीय दिन. सकाळी युद्धस्मारकापाशी गेलो तर लोक गप्प उभे, छातीवर निळी फुलं. १९१६ साली याच तारखेला फ्रान्समध्ये बोमाँ-हामेलला न्यूफाउंडलंडचे सुमारे आठशे जवान चालून गेले. दुसऱ्या सकाळच्या हजेरीला अडुसष्ट उरले. पुढे बेटाला बुडवणाऱ्या कर्जात या पलटणीचा खर्चही होताच. बारापर्यंत झेंडे अर्ध्यावर होते. मग ते वर गेले आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी खिशातून कॅनडाचा छोटासा कागदी झेंडा काढला.