होम सर्व्हर अपडेट: कुठल्या प्रोग्रामने कुठे लिहायचं

मंडळी, होम सर्व्हरचं काम पुढे सरकलंय. सेटअप तोच, जुना लॅपटॉप, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा ६.१. सध्या एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, की कुठल्या प्रोग्रामला डिस्कवर नेमकं कुठे लिहू द्यायचं. नेहमीच्या परमिशन बघतात फक्त युझर कोण ते, म्हणजे नेटवरून उचललेली थंबनेलची स्क्रिप्ट असो की माझा एडिटर, माझ्या नावाने चालतंय ना, मग दोघांनाही माझे सगळे फोटो उडवायची सारखीच मुभा. फोल्डरवर चॅट्र कमांडचा प्लस आय, म्हणजे 'बदल बंद'ची खूण, लावला की रूटलासुद्धा (सगळे अधिकार असलेल्या युझरला) आत काही टाकता येत नाही, हे खरंय, पण नवीन फोटो आले की तो काढा, परत लावा, कोण करत बसणार.

सर्व्हिसेसचं, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं, सोपं निघालं. सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) प्रोटेक्टसिस्टम ट्रू केलं की /यूएसआर आणि /बूट रीड-ओन्ली होतात, फुल केलं की /ईटीसी पण, आणि स्ट्रिक्ट केलं की /डेव्ह, /प्रॉक, /सिस सोडून सगळंच. मग रीडराइटपाथ्समध्ये लागेल तेवढंच उघडायचं. स्ट्रिक्टमध्ये /टेम्प पण बंद होतं त्यामुळे प्रायव्हेटटेम्प (सर्व्हिसला स्वतःचं वेगळं /टेम्प) सोबत लावाच, नाहीतर सर्व्हिस उगाच रडत बसते. माझी पद्धत म्हणजे स्ट्रिक्ट लावायचं, रीस्टार्ट मारायचा आणि जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, कुठे बोंब मारतेय ते बघायचं.

खरी मजा लँडलॉकमध्ये आहे, म्हणजे प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांपुरतं बांधून ठेवायची कर्नलमधली सोय. हे कर्नल ५.१३ मध्ये आलं, २०२१ ला, आणि याला रूट लागत नाही, प्रोग्राम स्वतःच स्वतःला बांधून घेतो, एकदा बांधला की सोडवता येत नाही आणि त्याने सुरू केलेल्या पोरांनाही तीच बंधनं. सी मध्ये छोटा रॅपर लिहिलाय, तो आधी नियम लावतो आणि मग थंबनेलची स्क्रिप्ट चालू करतो. फोटो फक्त वाचायचे, लिहायचं ते थंबनेलच्या फोल्डरमध्येच. एरर बघूनच कळतं कुणी अडवलं, सिस्टमडीवाल्याकडून 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' येतं, लँडलॉककडून 'परमिशन डिनाइड'.

आता गंमत ऐका. रॅपरच्या आतून एका टेस्ट फोटोवर ट्रंकेट (फाइलची साइज कापणारी) कमांड चालवली, अडली, बरं वाटलं. मग पायथनमधून ओएस डॉट ट्रंकेटला त्याच फाइलचा पाथ दिला, साइज शून्य, आणि फाइल गपकन रिकामी! कारण कमांड आधी फाइल लिहायला उघडते आणि तिथेच अडकते, पायथनवाला फाइल न उघडता थेट सिस्टीम कॉल करतो, म्हणजे कर्नललाच सांगतो, आणि ट्रंकेट अडवायची सोय लँडलॉकमध्ये आली कर्नल ६.२ ला. आपण ६.१ वर. एका नंबराने हुकलं राव.

अजून एक, एका फोल्डरमधून दुसऱ्यात मूव्ह करायला रेफर नावाचा वेगळा हक्क लागतो, तो ५.१९ पासून आहे. तो नसेल तर कर्नल म्हणतं ही दुसरी डिस्क आहे, मग एमव्ही (मूव्हची कमांड) बिचारा गुपचूप कॉपी करून जुनी फाइल डिलीट करतो. एकाच डिस्कवर मोठा व्हिडिओ हलवायला एवढा वेळ का लागतोय असं वाटलं तर आधी हे तपासा. आणि रॅपर सुरू व्हायच्या आधी उघडलेल्या फाइलला हे नियम लागत नाहीत, म्हणून शेलमधून आउटपुट लॉगमध्ये वळवलं तर ते बंद फोल्डरमध्येही मस्त लिहिलं जातं. मला ते सोयीचंच पडलं.

डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नल आहे, तिथे ट्रंकेटचं भोक बुजलेलं आहे. पण अपग्रेड सवडीने करेन, तोपर्यंत ही स्क्रिप्ट बबलरॅपमधून (प्रोग्रामला वेगळ्या चौकटीत चालवणारं टूल) चालवतोय, फोटोंचं फोल्डर रीड-ओन्ली बाइंड करून, म्हणजे आत फक्त वाचण्यापुरतं जोडून. माउंटच रीड-ओन्ली असल्यामुळे तिथे पायथनचीही डाळ शिजत नाही, चालवून बघितलंय.