जुन्या गाडीची बीडिंग: बफ लावण्याआधी धातू ओळखा

पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, बाहेरून दिसणारं सगळंच ‘क्रोम’ नसतं. बंपर क्रोम चढवलेल्या लोखंडाचे असतात; बाजूच्या आणि काचेभोवतीच्या पट्ट्या, म्हणजे बीडिंग, स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या निघतात. पट्टी उतरवून मागची बाजू पाहा. हाताला अगदी हलकी आणि लोहचुंबक न धरणारी ती ॲल्युमिनियमची. एकट्या चुंबकावर मात्र विसंबू नका, काही जातींचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, काही जातींचं नाही.

क्रोमवर पॉलिश पेपर कधीच नाही. निकेलवर बसलेला तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. घासला की खालचं पिवळसर निकेल दिसतं आणि ते घरी परत झाकता येत नाही. बारीक गंजाच्या ठिपक्यांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकेच फिरवा. पोपडे आले असतील तर घरी काही होणार नाही, पुन्हा प्लेटिंगच करून घ्यावं लागतं. पुण्याजवळ भोसरीकडे अशी कामं होतात, पण आधी वेल्डिंग आणि पोचे आपणच नीट करून द्यावेत. प्लेटिंग खड्डा भरत नाही, उलट उठून दाखवतं.

खरी मजा स्टेनलेसमध्ये. पोचा मागून लाकडी ठोकळ्यावर टेकवून लहान हातोडीनं हळूहळू उठवायचा. मग ३२०, ४००, ६००, ८०० असा वॉटर पेपर, भरपूर पाणी घेऊन. दर वेळी घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि दोष बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला देतात. त्यानंतर सिसलच्या (घायपाताच्या धाग्याच्या) चाकावर काळं कंपाउंड (पॉलिशची वडी), शेवटी सुती चाकावर हिरवं. दोन कंपाउंडना एकच चाक वापरलं तर जाड कण पुन्हा ओरखडे पाडतात.

पट्टी चाकाच्या मध्याखाली धरा आणि चाक कडेवरून बाहेर जाईल असं फिरवा. कडेत चाक अडकलं की पट्टी हातातून उडते आणि वाकते. लाकडी फळीला बांधून घेतलेली बरी. चेहऱ्यावर शील्ड हवीच. एका जागी दाबून धरल्यास स्टेनलेस निळं पडतं. लोखंडी स्टील वूल तर घेऊच नका, त्याचे कण रुतून पुढे गंजतात.

ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग, म्हणजे विजेनं चढवलेला ऑक्साइडचा कठीण थर असेल तर कितीही पॉलिश लावा, चमक येत नाही. पट्टीवर टेकवलेल्या मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांत वीज वाहत नसेल तर थर आहे. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा मिसळून (सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही) त्यात पट्टी बुडवा, हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर. फेस एकदम जोरात सुटला की थर गेला, लगेच काढून भरपूर पाण्यानं धुवा. काळपट दिसेल, ते बफला निघतं. आता मात्र हा धातू उघडा आहे, म्हणून पुण्याच्या जूनआधी मेण लावा आणि क्लिपा नव्या घाला. गंजलेल्या क्लिपेचा लाल ओघळ आधी रंगावर उतरतो.