तेरा काड्या आणि एक ओली केबल

गेल्या वर्षी मे महिन्यात नाशिकला आमच्या पाथर्डी फाट्याच्या भागात दिवेलागण झाली की माझ्या रेडिओच्या दोन मीटर बँडवर, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपास, घरघर सुरू व्हायची. पहाटे उजाडलं की बंद. रात्री साडेनऊला आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, रेडिओवर एकमेकांची हजेरी घेतो, तेव्हा मला नाशिकरोडचा माणूससुद्धा तुटक ऐकू यायला लागला. पलीकडे पांडवलेणीचा डोंगर आहेच, त्या दिशेचं आधीच कमी येतं. त्यात ही घरघर.

लायसन्स मी घेतलं ते 2015 च्या सिंहस्थामुळे. पर्वणीच्या दिवशी आई पंचवटीत गर्दीत चुकली. फोन लागत नव्हते. अडीच तासांनी ती पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडजवळ एका ओट्यावर बसलेली सापडली. तेव्हापासून मनात होतं की मोबाईलवाचून बोलता आलं पाहिजे. पुढं परीक्षा दिली, व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मिळाला. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलेला असताना माझ्याच गच्चीवरून काही ऐकू येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं.

घरघर शोधायची तर दिशा कळणारी अँटेना हवी. माझ्याकडे एक तीन एलिमेंटची, म्हणजे तीन काड्यांची, यागी होती. यागी म्हणजे 1920 च्या दशकात जपानमध्ये यागी आणि उदा या दोघांनी पुढे आणलेली, जुन्या टीव्हीसाठी घरोघरी दिसायची तीच जात. दिशा ती छान दाखवते, पण एका बँडपुरती. देवळालीच्या काकांना फोन केला. ते सैन्यात सिग्नलमध्ये होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "पोरी, यागीने तू तारांच्या मागे फिरत राहशील. वाईडबँड लागेल. लॉग पिरिऑडिक बनव. आणि बनवशील तर अशी बनव, की ती पडली तर फरशी फुटली पाहिजे, ती नाही."

"तारांच्या मागे" याचा अर्थ मला नोव्हेंबरमध्ये कळला.

लॉग पिरिऑडिक अँटेना 1950 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात घडली. समजायला मला जलतरंग उपयोगी पडला. मोठ्या वाटीपासून लहान वाटीपर्यंत ओळ मांडलेली असते आणि प्रत्येक सुराला आपापली वाटी बोलते. इथे वाट्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या काड्या. 145 मेगाहर्ट्झच्या लहरीला मागच्या लांब काड्या प्रतिसाद देतात, 435 च्या लहरीला पुढच्या आखूड. प्रत्येक काडी आधीच्या काडीच्या ठरावीक पटीत लहान, आणि काड्यांमधलं अंतरही त्याच पटीत कमी होत जातं. मी ती पट 0.88 धरली. सर्वांत लांब काडी 115 सेंटीमीटर, म्हणजे 130 मेगाहर्ट्झची अर्धी लहर. तेरावी काडी 25 सेंटीमीटरच्या आसपास येते. पहिल्या दोन काड्यांत 13.8 सेंटीमीटर अंतर, शेवटच्या दोहोंत साडेतीनही नाही. सगळी मिळून मीटरभराची अँटेना, आणि 130 ते 500 पर्यंत एकच. एवढ्याच लांबीची यागी तिच्या एका बँडवर थोडा जास्त गेन, म्हणजे त्या दिशेला जास्त जोर, देते, हे मान्य करूनच हिच्याकडे यायचं.

मी नाशिकमधल्याच अंबडला पॅनल वायरिंगचं काम करते. तारेच्या टोकाला लग बसवणं, क्रिम्पिंग, टॉर्क हे माझ्या रोजच्या हातातलं. त्यामुळे कामाची भीती नव्हती. पाऊण इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाईपचे दोन बूम, म्हणजे काड्या धरणारे दांडे, समांतर, मध्ये थोडी फट. या फटीमुळे दोन बूम मिळून सिग्नल वाहणारी दोन तारांची लाईन बनते. काड्यांचे अर्धे-अर्धे भाग आळीपाळीने लावायचे: पहिल्या काडीचा डावा अर्धा वरच्या बूमला, उजवा खालच्या, दुसरीचा डावा खालच्या, उजवा वरच्या. केबल एका बूमच्या पोटातून पुढच्या टोकापर्यंत न्यायची. केबलची बाहेरची जाळी त्याच बूमला आणि मधली तार दुसऱ्याला. सिग्नल आखूड टोकाकडून आत येतो, हे विसरायचं नाही. केबल आणि अँटेना यांचा मेळ घालणारा वेगळा जोड (बलून) लागत नाही, हे मला या रचनेत फार आवडलं.

काड्यांना आटे पाडायला अंबडमधल्याच एका लेथवर गेले. सव्वीस तुकडे पाहून तो म्हणाला, "ताई, कसला पिंजरा करताय?" मी रेडिओ म्हटल्यावर त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि प्रत्येक आटा स्वतः बोल्ट फिरवून तपासून दिला. पैसे जेवढे ठरले होते तेवढेच घेतले.

फटीसाठी आधी नायलॉनचे तुकडे कापले होते. काकांनी ते परत पाठवले. नायलॉन पाणी पितो, पावसाळ्यात फुगतो, फट बदलते. मग काळ्या डेलरीन प्लॅस्टिकचे घातले. बोल्ट सगळे स्टेनलेस, खाली स्प्रिंग वॉशर, वर नायलॉक नट. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून भिजले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून केबलच्या तारेला टिन केलेला लग लावला आणि सांध्यावर ग्रीस. इथवर मला वाटलं, झालं.

पहिल्यांदा गच्चीवर चढवली तेव्हा दिशाच कळेना. पुढून, मागून, बाजूने, सिग्नल जवळजवळ सारखा. दोन दिवस काड्यांची आळीपाळी तपासली, ती बरोबर होती. तिसऱ्या दिवशी काका आले, जिन्यातूनच वर पाहिलं आणि म्हणाले, "खांब बघ."

एफएमवरचं बोलणं उभ्या पोलरायझेशनवर चालतं, म्हणून काड्या उभ्या ठेवल्या होत्या. आणि अँटेना मध्यावर धरली होती जीआय पाईपला. म्हणजे उभ्या काड्यांच्या ऐन मधोमध आणखी एक उभी लोखंडी काडी, सगळ्यांत जाड. तिने सगळा खेळ बिघडवला होता. खाली लोंबणारी केबलही तेच करत होती. मग बूमच्या मागे शेपटीसारखा तुकडा वाढवला, वरचा दीड मीटर खांब एफआरपीचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या फायबरचा, केला, आणि केबल बूमवरून सरळ मागे नेऊन मग खाली सोडली. त्या संध्याकाळी अँटेना फिरवली आणि पूर्वेला घरघर एकदम उसळली, पश्चिमेला बसली. आई शेजारी तुळशीला पाणी घालत होती. "कमी झालं ना आता?" तिने विचारलं. तिलाही फरक ऐकू आला होता.

मग जुलै आला. नाशिकचा पाऊस त्र्यंबककडून येतो आणि वाऱ्यासकट येतो. लांब काड्या वाऱ्यात थरथरतात. दोन आठवड्यांत सर्वांत लांब काडीचा एक अर्धा बोल्टच्या भोकाशी तडकला. वाकून मोडला नव्हता, हलून हलून थकून मोडला होता. मागच्या तीन काड्या पोकळ नळीच्या होत्या. त्यांच्या मुळाशी आत भरीव रॉडचा तुकडा ठोकला, पोटात सुती दोरी घातली म्हणजे कंप विरतो, आणि टोकं बुचांनी बंद केली. त्यानंतर तिथे काही मोडलेलं नाही. कावळे बसतात, बसू देत.

ऑगस्टमधली गोष्ट मात्र प्रत्येक नवीन माणसाला मी सांगते. एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेली शक्ती किती परत येते ते सांगणारा आकडा, सुरुवातीला 1.3 ते 1.9 च्या दरम्यान असायचा. दोन म्हणजे साधारण अकरा टक्के शक्ती परत येते, तेवढं चालतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोजलं तर सगळीकडे 1.2. घरघरसुद्धा कमी झाली होती. मला खूप आनंद झाला, काकांना लगेच कळवलं. ते क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, "केबल ओली आहे. वरून अँटेना सोड, टोक उघडं ठेव आणि परत मोज."

उघड्या टोकावरून सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणजे आकडा मोठा दिसायला हवा. केबल कोरडी असताना 145 ला तो दोनाच्या बराच वर होता. आता आला 1.3. अँटेना नसतानाही मीटर सगळं उत्तम म्हणत होता, कारण जाणारी शक्ती केबलमध्येच जिरत होती आणि परत येणारीही. घरघर कमी झाली नव्हती, माझे कान बंद होत चालले होते. केबल चिरली तर जाळी वरून फूटभर काळी पडलेली. पुढच्या सांध्यावर मी लावलेला सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारा, म्हणजे ॲसिड सोडणारा होता. त्याने तांबं आधी खाल्लं, मग पाणी शिरलं. मी रोज पॅनलमध्ये सील करते, पण तिथे पाऊस नसतो.

सप्टेंबरभर अँटेना खाली होती. आरजी-58 केबल काढून आरजी-213 घातली. 435 वर वीस मीटरला जुन्या केबलमध्ये कोरडी असतानाही तीन चतुर्थांशाहून जास्त सिग्नल जिरायचा, नवीमध्ये निम्मा जिरतो. ती जाड आहे, बूमच्या पोटात मावेना, म्हणून आत बारीक टेफ्लॉनची केबल ठेवली आणि शेपटीला कनेक्टर दिला. सांध्यावर ताणला की स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप, वर साधा टेप, उन्हासाठी. कनेक्टरखाली केबलला एक वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत जात नाही. खांबाला अर्थिंग घरी पहिल्या दिवसापासून होतं. वीज कडाडायला लागली की मी केबल काढून ठेवते.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि खरा शोध सुरू केला. रिसीव्हर एएमवर ठेवला, कारण एफएममध्ये कमी-जास्त जोर कानाला कळत नाही. या अँटेनाचा झोत रुंद असतो, ऐन शिखर सापडत नाही. म्हणून डावीकडे आणि उजवीकडे सिग्नल सारखाच उतरतो ती दोन टोकं धरायची आणि मधली दिशा घ्यायची. गच्चीवरून एक रेघ मिळाली. मग अँटेना हातात घेऊन, भावाला बरोबर घेऊन, हायवेच्या बाजूने दुसरी.

जवळ गेल्यावर मात्र घोळ झाला. 145 वर अँटेना प्रत्येक विजेच्या तारेकडे बोट दाखवत होती. या खांबाकडे, त्या मीटरपेटीकडे. दिवे-चार्जरमधल्या वीज बदलणाऱ्या सर्किटची, म्हणजे एसएमपीएसची, घरघर तारांवर चढते आणि तारा स्वतःच अँटेना होऊन ती सगळीकडे पसरवतात. काकांचं वाक्य तेव्हा आठवलं. फ्रिक्वेन्सी वाढवली. 250 वर निम्म्या तारा गप्प झाल्या. 400 च्या वर गेलो तर एकाच दिशेला आवाज उरला. वरच्या फ्रिक्वेन्सीची घरघर तारांवरून फार लांब टिकत नाही, उगमाजवळच ऐकू येते. यागी असती तर मी 145 वरच अडकून तारा मोजत बसले असते. एका अँटेनाने खालून वर चढत जाता येणं, यासाठी त्या तेरा काड्या होत्या.

उगम निघाला एका दुकानाच्या पाटीवरचा एलईडी फ्लडलाईट. अंधार पडला की आपोआप लागणारा. दुकानदाराला मी आधी रेडिओवर आवाज ऐकवला, मग दिवा बंद करायला सांगितला. घरघर थांबली. त्याने पुन्हा लावला, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा त्याने स्वतःहूनच केलं, त्याच्या मुलाला बोलावून. दिव्याला वीज पुरवणारा माझ्याकडचा चांगल्या प्रतीचा ड्रायव्हर मी बसवून दिला, तारेवर घरघर अडवणारे दोन फेराईट चढवले. चहा घेतल्याशिवाय त्याने सोडलं नाही. त्या रात्री साडेनऊला नाशिकरोडचा माणूस मला शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू आला.

संक्रांतीला काड्यांत मांजा अडकला. तो ओढायचा नाही, कापून काढायचा, नाहीतर सांधा सैल होतो. अर्धा दिवस त्यातच गेला. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा अधूनमधून 145.800 वर तिथल्या अंतराळवीरांचं बोलणं ऐकायला मी अँटेना हाताने फिरवते, आई गच्चीवर खुर्ची घेऊन बसते. पोलिसांचं किंवा ओझरच्या विमानांचं ऐकू येतं का, असं पोरं विचारतात. ते आपलं काम नाही, एवढंच सांगते.

या मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळं उतरवून पुढचा सांधा उघडला. टेप इतका घट्ट बसला होता की ब्लेडने चिरावा लागला. आत ग्रीस जसंच्या तसं. लग पांढरा, चकचकीत. शेपटीचा कनेक्टर सोडून जाड केबलचं टोक दोन इंच मागे सोललं, तर जाळी नवी असताना होती तशी तांबूस. मी फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "बांध परत. शुक्रवारी वारा आहे."

गुरुवारी रात्रीच बांधली.