टाळ्या त्याच होत्या

गाण्यांच्या नोंदी तपासणं हे माझं काम. गायक कोण, संगीत कोणाचं, पैसे कोणाच्या खात्यावर जायचे, सगळं त्या नोंदीवर ठरतं. एक रकाना चुकला की कुणाची तरी कमाई अडकते, म्हणून मी हे काम फार जपून करते.

दिवाळीच्या आधी सणाची गाणी वेगळी काढायची होती. ‘दिवाळी’ शब्द टाकून शोधलं, तर भक्तिगीतांच्या मधोमध वीसेक गाणी आली, बहुतेक जमैकन. सगळ्यांवर लाल खूण होती: डुप्लिकेट. सॉफ्टवेअरला ती एकच वाटली होती. सर म्हणाले, “एक ठेव, बाकीची मर्ज करून टाक.”

मर्ज करायच्या आधी ऐकायचं, हा माझा नेम. हेडफोन लावला. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’. मग वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’. खालच्या टाळ्या त्याच! सरळ मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे निसटणाऱ्या, गच्च टाळ्या. दोन्हींच्या लहरी स्क्रीनवर एकाखाली एक लावल्या, तर टाळ्यांचे दाते दात्यांवर बसले. पण वर? शॉन पॉल शब्द झपाझप फेकतो, वेन वंडर मऊ आवाजात प्रेम आळवतो. तिसरं बाउंटी किलरचं ‘सफरर’. घोगऱ्या, जड आवाजात गरिबाचे हाल. ते ऐकताना माझा हात माउसवरून आपोआप उचलला गेला.

जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, याला रिदिम म्हणतात. संगीतकार ठेका आणि बास बांधतो, आणि मग एकामागून एक कलाकार त्यावर आपली चाल, आपले शब्द चढवतात. १९८५ मध्ये निर्माते किंग जॅमी यांच्या ‘स्लेंग टेंग’ या रिदिमवर असंच गाण्यांचं पीक आलं होतं. आपल्याकडे तबल्याच्या साथीला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे एकच छोटी धून, तोच फिरत राहतो आणि प्रत्येक तबलजी आपलं बोलणं बोलतो. त्याला कुणी नक्कल म्हणतं का?

हा रिदिम बांधला स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडन यांनी, आणि त्याचं नाव ठेवलं ‘दिवाली’. नाव आपल्याच सणाचं. १८४५ पासून भारतातले मजूर करारावर जमैकाला नेले जात होते, तेव्हा सणाचं नाव तिथे परकं नव्हतंच. २००३ च्या मे महिन्यात ‘गेट बिझी’ अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच टाळ्यांवर न्यूयॉर्कच्या लुमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’सुद्धा त्याच वर्षी गाजलं.

मी सरांना उठवून माझ्या खुर्चीत बसवलं. आधी शॉन पॉल, लगेच बाउंटी किलर. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “ही तर वेगळी माणसं आहेत गं.” मर्ज रद्द झालं.

पण खरं काम पुढेच होतं. कित्येक नोंदींत गायकाचं नाव होतं, संगीतकाराचा रकाना कोरा! ज्याच्या टाळ्यांमुळे ही गाणी सॉफ्टवेअरला एक वाटली, तोच माणूस यादीत नव्हता. मला भयंकर राग आला. प्रत्येक गाण्याचं श्रेयपत्र शोधून ताडून पाहत रात्री नऊपर्यंत बसले. शेवटची ओळ लुमिडीची होती. तिच्या नावाशेजारच्या रकान्यात मार्सडन यांचं पूर्ण नाव टाकलं, सेव्ह केलं, आणि ते गाणं पुन्हा एकदा, कामासाठी नाही, नुसतंच ऐकलं.